मॉरिशसमध्ये समुद्राकडे पाठ करून

मॉरिशस म्हटलं की आपल्याकडे एकच फोटो असतो. निळं पाणी, पांढरी वाळू, मागे लाकडी जेटी आणि पुढे मेंदीवाल्या हातांची जोडी. टूरवाल्यांचं पॅकेजही तेच, एक दिवस नॉर्थ, एक दिवस साउथ, एक दिवस बोट, आणि मधे कुठेतरी शामारेलची सात रंगांची माती, तिथे उतरा, फोटो काढा, चला बसा लवकर. बेटाच्या पोटात काय आहे ते बघायला कुणाला वेळच नसतो. मला मिळाला, कारण आम्ही फिरायला गेलोच नव्हतो. नवऱ्याचं एबेनला ऑफिसचं काम होतं, कंपनीने क्वात्र बोर्नला फ्लॅट दिला होता, तो सकाळी डबा घेऊन गेला की अख्खा दिवस माझा. बीचवर एकटं बसून करायचं काय, म्हणून मी सरळ बसस्टँडवर जाऊन उभी राहायला लागले.

एक गोष्ट आधी सांगते, कारण ती कळली नाही तर हे बेट कळत नाही. मॉरिशस म्हणजे मधे उंच आणि कडेला सपाट. मधलं पठार हळूहळू चढत जातं, क्युरपीपला पोचलात की साधारण साडेपाचशे मीटर उंची होते, आणि भोवती जे तुटक तुटक डोंगर दिसतात ते एका जुन्या प्रचंड ज्वालामुखीच्या कडेचे उरलेले तुकडे आहेत. आणि लोक कुठे राहतात? बरेचसे वरच. बो बासँ, रोझ हिल, क्वात्र बोर्न, वाक्वा, फिनिक्स, क्युरपीप, सगळी गावं एकाला एक चिकटलेली, कुठे एक संपलं आणि दुसरं सुरू झालं पत्ता लागत नाही. १८६७ च्या सुमारास मलेरियाची भयंकर साथ आली, पोर्ट लुईमध्ये माणसं पटापट मेली, ज्यांना परवडत होतं ते वर थंडीत पळाले, आणि नुकतीच आगगाडी सुरू झाली होती त्यामुळे खाली कामाला जाऊन संध्याकाळी वर परत येणं जमायला लागलं. ती आगगाडी १९६४ ला कायमची बंद झाली. आता मेट्रो आलीये, बऱ्याच ठिकाणी त्याच जुन्या रुळांच्या वाटेने.

थंडीचं म्हणाल तर आपण नेतो कॉटनचे कपडे आणि गॉगल. आम्ही ऑगस्टमध्ये होतो, तो तिथला हिवाळा. किनाऱ्यावर लोक पोहत असतात आणि त्याच वेळी क्युरपीपला बारीक झिमझिम, धुकं, बायका लोकरीच्या टोप्या घालून बाजारात. तिथे त्रू ओ सर्फ म्हणून ज्वालामुखीचं विवर आहे, आत आता झाडं आणि तळाशी थोडं पाणी. मी गेले तेव्हा धुक्यात विवरही दिसलं नाही आणि डोंगरही नाही, जॉगिंग करणारे दोन आजोबा दिसले. ठीक आहे.

बसबद्दल मी तासभर बोलू शकते पण आवरते. कितीतरी बस अशोक लेलँडच्या, त्यामुळे आवाज ओळखीचा, चढावर इंजिन तस्संच कण्हतं. कंडक्टर असतो, कागदी तिकीट देतो, सुटे द्या म्हणून तसाच वैतागतो. शाळेची मुलं आणि म्हातारी माणसं २००५ पासून फुकट, त्यामुळे सकाळी दहानंतर बस म्हणजे ज्येष्ठ नागरिक संघाची सहल असते. माझ्याकडे बघून हमखास कोणीतरी विचारणार, इंडियाहून? मुंबई? शाहरुख खानचं घर बघितलंय का? आपसात बोलायची भाषा क्रेओल, पेपर फ्रेंचमध्ये, सरकारी बोर्ड इंग्रजीत, म्हाताऱ्यांना भोजपुरी येते, आणि माझ्याशी सगळे हिंदी सीरियलच्या हिंदीत बोलायचे. म्हणजे एका आजींनी मला खरंच "चिंता मत कीजिए, बस आवश्य आएगी" असं सांगितलं.

वस्ती संपली की ऊस. इतका ऊस मी कोल्हापूरलाही बघितलेला नाही. मोका, सें प्येर, कार्त्ये मिलितेर करत फ्लाककडे जाणारी बस घ्या, दोन्ही बाजूंना ऊसच ऊस, मधेच एखादी दगडी चिमणी उभी, खाली कारखाना नाहीच, फक्त चिमणी आणि तिच्या टोकाला उगवलेला पिंपळ. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या एवढ्याशा बेटावर साखरेचे अडीचशेच्या वर कारखाने होते. आता तीन उरलेत. ऑगस्ट म्हणजे तोडणीचा हंगाम, ट्रकांमागून ट्रक, रस्त्यावर पाचट उडत असतं आणि हवेला तो आंबूस गोड वास.

पण ऊस नाही, दगड बघा. शेतात मधे मधे काळ्या दगडांचे चौथरे दिसतात, काही पुरुषभर उंच, काही लांबच्या लांब भिंतीसारखे, व्यवस्थित रचलेले. मला आधी वाटलं जुनी देवळं पडलीयेत की काय. एका स्टॉपवर पुढच्या बसला वेळ होता म्हणून मी एका चौथऱ्याजवळ जाऊन उभी राहिले. ज्वालामुखीचा दगड, सगळ्या अंगाला भोकं, शेवाळं, फटींतून नेचे आलेले. आणि कडेचा प्रत्येक दगड तोंड बघून बसवलेला, सपाट बाजू बाहेर, मधली फट लहान दगडाने भरलेली. चुना नाही, माती नाही. हे सगळे दगड आधी जमिनीत होते. ऊस लावायचा तर आधी दगड काढायला लागतात, ते माणसांनी हाताने काढले, डोक्यावरून वाहिले, आणि टाकायचे कुठे म्हणून तिथेच रचले. नंतर मशीन आल्या, कितीतरी चौथरे त्यांनी मोडून टाकले, पण जे उरलेत ते मला पोर्ट लुईच्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा खरे वाटले.

ही माणसं कोण तर आपलीच. १८३४ पासून पुढे साधारण साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारावर आणलेले मजूर, या बेटावर उतरवले गेले, बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशचे, बरेच तमिळ आणि तेलुगू, आणि मुंबई बंदरातून आलेले मराठी. पाच वर्षांचा करार, सुरुवातीला पगार महिन्याला पाच रुपये आणि वर शिधा. एक दिवस कामावर गेलं नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचे. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ही माणसं जहाजातून उतरायची, २००६ पासून जागतिक वारसा आहे, तो सगळे बघतात आणि बघावाच, पण तिथे माणसं फक्त दोन-तीन दिवस असायची. पुढचं आयुष्य सगळं इकडे, आत, उसात. मोक्याच्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची कागदपत्रं जपून ठेवलीयेत, कुठल्या जहाजाने आले, कुठल्या गावचे, बाप कोण, नंतर नंतर तर फोटोसुद्धा. तिथलं छोटं म्युझियम जरूर बघा, पितळी लोटे, जाती, पाटे, कंदील. एका पाट्यासमोर मी बराच वेळ उभी होते, कारण आमच्या माहेरच्या पडवीत आहे तो आणि हा, टाकी मारायची पद्धतसुद्धा एकच.

त्याच मोक्यावरून प्येतर बोथ डोंगर दिसतो. सुळक्याच्या टोकावर एक भलामोठा धोंडा, आत्ता पडेल असा. डोंगराला नाव एका डच गव्हर्नर जनरलचं, जो १६१५ मध्ये या बेटाजवळ जहाज फुटून बुडाला. पण गावातले लोक सांगतात ती गोष्ट दूधवाल्याची. एक दूधवाला डोंगरावर झोपला होता, रात्री पऱ्या नाचताना बघितल्या, कुणाला सांगू नको म्हणून पऱ्यांनी बजावलं आणि पठ्ठ्याने खाली येऊन गावभर सांगितलं, मग दगड होणारच. मला ही गोष्ट सांगितली बसमधल्या एका शाळकरी मुलीने, आणि शेवटी म्हणाली, "म्हणून आंटी, सीक्रेट सीक्रेट ठेवायचं," आणि शेजारच्या मैत्रिणीकडे असं काही बघितलं की तिथे नक्की काहीतरी प्रकरण चालू होतं.

खेडी कशी असतात? आपल्या डोळ्यांसमोर खेडं म्हणजे कौलारू घरं येतात, तसं नाहीच. सगळी काँक्रीटची, सपाट गच्चीची, बहुतेक अर्धवट, वर लोखंडी सळ्या आकाशात. १९६० मध्ये कॅरोल नावाचं चक्रीवादळ आलं, गवताच्या आणि पत्र्याच्या घरांचं होत्याचं नव्हतं झालं, तेव्हापासून जो तो काँक्रीट ओततो. आणि सळ्या कशासाठी, तर मुलगा मोठा झाला की त्याचा मजला वर. दारात दोन बांबूंवर लाल झेंड्या आणि खाली छोटा हनुमान. दोन घरं सोडून चर्च, पुढे मशीद, पुढे तमिळ कोविल रंगीत रंगीत. आणि वस्ती संपून जिथे ऊस सुरू होतो तिथे, मोठ्या झाडाखाली, काळीमाई. ओळीने मांडलेले दगड, कुंकू, लिंबं, एखादं फूल. मला आपल्या साती आसरा आठवल्या. कुलूप नाही, पुजारी नाही, तोडणीवाले जाता जाता हात जोडतात.

चौकात चिन्याचं दुकान असायचं, काही गावांत अजून आहे. लाकडी काउंटर, मागे तांदळाची पिंपं, खारवलेले मासे, रमच्या बाटल्या, काडेपेटीपासून रॉकेलपर्यंत सगळं, आणि वही. कामगारांना पैसे मिळायचे हंगामात, बाकीचे महिने वहीवर. एका दुकानात मी पाणी घ्यायला थांबले तर काउंटरवरच्या बाईंनी ड्रॉवरमधून अशी वही काढून दाखवली, त्यांच्या सासऱ्यांची. गिऱ्हाईकांची नावं फ्रेंच स्पेलिंगमध्ये, आकडे चिनी. काही पानांवर शेवटपर्यंत रेघ मारलेलीच नव्हती. म्हटलं हे पैसे आलेच नाहीत? तर हसल्या आणि म्हणाल्या, त्यांचे नातू आता सुपरमार्केटला जातात.

आता खाणं. दालपुरी! इथे तिचा उच्चार ढोलपुरी करतात, ठेल्यावर मिळते, एक कधी नाही, नेहमी जोडी. पातळ, मऊ, आत डाळीचं कोरडं सारण, म्हणजे गूळ घालायला विसरलेली पुरणपोळी समजा, त्यावर पांढऱ्या मोठ्या वालांची उसळ, टोमॅटोचा रुगाय, कोथिंबिरीची चटणी, आणि "पिमा?" म्हणून विचारतील, म्हणजे मिरची. हो म्हणताना जरा विचार करा. कागदात गुंडाळून देतात आणि उभ्याउभ्याच खायची. गातो पिमा म्हणजे डाळीचे बारके वडे, ते सकाळी पावात लोणी लावून घालून खातात, आणि मला ते वडापावापेक्षा जास्त आवडले हे मी इथे लिहून ठेवते, ज्याला भांडायचंय त्याने भांडा. फ्लाकचा रविवारचा बाजार मोठा, तिथे तर मला परदेशात आहोत असं वाटलंच नाही, शेवग्याचा पाला, भेंडी, कारली, दोडका, दुधी, अळू, सगळं जुडी बांधून मांडलेलं. विकणाऱ्या मावशी वाक्व्याच्या पानांची विणलेली पिशवी घेऊन आलेल्या, केवड्याच्याच कुळातलं झाड आहे ते. अशी एक पिशवी मी घेतली, आमच्या सोसायटीत आता चौघींना हवीये.

सगळ्यात जास्त मला जिथे जायचं होतं ते आंरिएता. वाक्व्याहून बस जाते, रस्ता चढत चढत एका टोकाला, पुढे दरीच, तिथे तामारँचे धबधबे. ट्रेकवाले त्या धबधब्यांसाठी येतात. मी गेले गणपतीसाठी, कारण मॉरिशसमधला पहिला गणेशोत्सव १८९६ मध्ये या गावात एका मराठी कुटुंबाने बसवला असं सांगतात, आणि आता तर गणेश चतुर्थीला अख्ख्या देशाला सुट्टी असते. गाव अगदी साधं. भाजीचे मळे, ऊस, उतारावरची घरं. एका अंगणात तुळस दिसली आणि आजी पाला वेचत बसलेल्या, मी हिंदीत धबधब्याची वाट विचारली, त्यांनी कुठून आलात विचारलं, महाराष्ट्र म्हटल्यावर हातातला पाला खाली ठेवला.

"आमी मराठी," म्हणाल्या. मग आतून नात बोलावली, ती प्राथमिक शाळेत मराठी शिकते, तिने पुस्तकातल्यासारखं स्पष्ट विचारलं, "आपण कोठून आलात?" आजींची मराठी आरत्यांपुरती, बाकी सगळं क्रेओल, त्यामुळे आमचं बोलणं नात, हिंदी आणि हातवारे असं तिघांनी मिळून चाललं. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडचे. गाव माहीत नाही. आडनाव म्हणजे त्या पणजोबांचं पहिलं नाव, नोंदवणाऱ्या साहेबाला जसं ऐकू आलं तसं, तिथे बहुतेकांचं असंच झालंय. मी म्हटलं आजी, माझं माहेर संगमेश्वर तालुक्यात, तिथलंच.

त्या म्हणाल्या, "तिथे ऊस कसा आहे यंदा?"

मी म्हटलं, तिथे ऊस नाही. भात होतो, नाचणी होते, आंबा, काजू. ऊस घाटावर. नातीने सांगितलं, आजींनी तिला परत विचारायला लावलं, मी परत सांगितलं. मग त्या बराच वेळ नातीशी क्रेओलमध्ये काहीतरी बोलत होत्या. नात म्हणाली, आजीला वाटायचं की त्यांना ऊस येत होता म्हणून आणलं.

भात लावणारी माणसं, खाडीत मासे धरणारी माणसं, त्यांना जहाजात घालून समुद्रापलीकडे आणलं आणि बेटाच्या मधोमध दगड उचलायला लावलं. आजींनी समुद्र बघितलाय, विसर्जनाला जातात ना दरवर्षी. एरवी कशाला जायचं, म्हणाल्या, तिकडे हॉटेलं आहेत. चतुर्थीला त्यांच्याकडे झाकरी नाचतात, मोबाईलवर व्हिडिओ दाखवला, घुंगरू बांधून गोल फेर आणि ढोलकी, आमच्याकडचं जाखडी बघितलेल्या माणसाला सांगायला लागत नाही काय ते. निघताना मला पाल्याची जुडी दिली. फ्लॅटवर येऊन लसूण मिरची घालून केला, नवरा म्हणाला आज माहेरचा पाला कुठून आणलास.

शनिवार-रविवारी नवरा बरोबर असायचा, त्याला जंगल हवं. ब्लॅक रिव्हर गॉर्जेस नॅशनल पार्क १९९४ मध्ये झालं, त्याच भागात बेटाचं सगळ्यात उंच शिखर, ८२८ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीवाल्यांना टेकडीच, हे नवऱ्याने किमान पाच जणांना ऐकवलं. पण जंगलात मूळची झाडं थोडी, एबनी तोडून तोडून संपवला, आणि रान भरलंय चिनी पेरूने, बाहेरून आलेलं झुडूप, दुसरं काही उगवूच देत नाही. तरी इथेच काही गोष्टी मरता मरता वाचल्या. मॉरिशसचा छोटा ससाणा १९७४ मध्ये रानात फक्त चार उरले होते. चार! पिंजऱ्यात अंडी उबवून, पिल्लं वाढवून, परत सोडून शेकड्यांवर नेले. गुलाबी कबुतराचंही तसंच. ते आम्हाला दिसलं, मकाबेच्या वाटेवर, अगदी हाताच्या अंतरावर, दोन्ही पायांत रंगीत कड्या, बेशरमसारखं आमच्या बिस्किटाकडे बघत. दिलं नाही, द्यायचं नसतं.

तिथून पुढे ग्राँ बासँ, म्हणजे गंगा तलाव. १९७२ मध्ये गंगेचं पाणी आणून या तळ्यात ओतलं. रस्त्यालगत १०८ फुटी मंगल महादेव उभा आहे, वडोदऱ्याच्या सुरसागरमधल्या महादेवाची प्रतिकृती. मला खरं सांगायचं तर तो पुतळा काही फार आवडला नाही, तळ्याची शांतता त्याने खाऊन टाकलीये. पण मागच्या बाजूच्या पायऱ्यांवर जाऊन बसलं की बरं वाटतं, माकडं तेवढी सांभाळा, नारळ हातातून नेतात. खाली बुआ शेरीचे चहाचे मळे, १८९२ पासूनचे, व्हॅनिला घातलेला चहा ही त्यांची खासियत. वासाला छान, पण आलं घातलेल्या चहाची सवय असलेल्या माणसाने दूध न घालताच प्यावा, दूध साखर घातली की कस्टर्ड लागतो.

शामारेलला मीही गेलेच. सात रंगांची माती ठीक, धबधबा छान, पण गाव त्याहून छान, उतारावर कॉफीची झाडं, फणस, अननस, चर्च, अंगणात चुलीवर रानडुकराचा रस्सा. टूरच्या गाड्या दुपारी तीनला गेल्या की गावात क्रिकेट नाही, फुटबॉल सुरू होतो. बस मात्र कमी, शेवटची कधी ते ड्रायव्हरलाच उतरताना विचारून ठेवा, नाहीतर टॅक्सीवाला सांगेल ती किंमत.

कुणी जाणार असेल तर स्वेटर न्या, छत्री न्या, सुटी नाणी ठेवा. अंधार पडला की आतल्या गावांच्या बस आटोपतात. मला आता महाशिवरात्रीला जायचंय, तेव्हा बेटाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून लोक कावड घेऊन चालत गंगा तलावाला येतात, वाटेत गावोगावी पाणी, सरबत, जेवण फुकट वाटतात. थेट उत्तरेच्या त्रियोलेहून निघायचं असा माझा बेत आहे, आख्खं बेट पायांनी. नवरा म्हणतो तू चाल, मी बुआ शेरीला चहा पीत थांबतो. फेब्रुवारी म्हणजे वादळाचे दिवस, ते त्याने मला तीनदा सांगून झालंय, तिकिटं मी अजून काढलेली नाहीत.